वाघाच्या नावानं शुभेच्छा : काही टिपणे

०

चिनी पंचांगात दर बारा वर्षांनी वाघाचं वर्ष येतं. १९८६, १९९८, २०१०, २०२२, पुढचं २०३४. त्या नववर्षाला माणसं एकमेकांना जे भलं चिंततात त्यात वाघ हटकून असतो. 'हू हू शंग वेई' म्हणजे तुझ्या अंगी वाघाचा दरारा येवो. 'शंग लोंग हुओ हू' म्हणजे ड्रॅगनासारखा सळसळता, वाघासारखा तरतरीत राहा. नवा धंदा काढणाऱ्याला, नोकरीत बढती मिळालेल्याला 'रू हू थियन यी', म्हणजे वाघाला पंख फुटावेत तसं तुझं बळ वाढो. प्रत्येक वचन चारच अक्षरांचं. लाल कागदावर लिहून दाराला चिकटवता येईल एवढं.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वाघ दारावरच्या कागदात नाही, तुरीच्या वावरात आहे. त्यामुळे ही चिनी वचनं मी इथल्या मातीवर ठेवून पाहतो आहे. इथं ती किती टिकतात, कुठं अडतात, हे पाहण्यासारखं आहे.

०

मराठीत वाघ कुठं कुठं बसला आहे, त्याची एक मोजदाद केली. 'वाघाचं काळीज', 'ढाण्या वाघ', 'वाघाचा बच्चा' ही कौतुकं. 'वाघाच्या जबड्यात हात घालणं' हे धाडस. 'वाघ मागं लागल्यासारखा काय पळतोस?' आणि 'तो काय वाघ आहे, खाऊन टाकील?' ही रोजची बोलणी. आणि सगळ्यांत शहाणी म्हण : वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो.

कौतुक भरपूर, भीती भरपूर. पण सणावाराला, लग्नामुंजीला आपण वाघाचं नाव घेऊन आशीर्वाद देत नाही. तिथं औक्षवंत हो, सुखी राहा, धनधान्यानं घर भरो. कारण सरळ आहे. ज्यांच्या गुरांच्या वाटेवर वाघ उभा राहत होता, त्यांना त्याला घरात बोलावणं परवडत नव्हतं. त्याला मान देऊन वेशीवर ठेवायचं, ही आपली रीत.

०

वेशीवर तो आहेच. यवतमाळ शहरात वाघापूर आहे, तिथं आज घरांच्या रांगा आहेत. घाटंजी वाघाडी नदीच्या काठावर आहे. आडनावांत वाघ आहे, वाघमारे आहे. जनावर मागं सरकलं तरी गावानं आणि घराण्यानं त्याचं नाव टाकलं नाही.

०

लेकरासाठी मात्र दोन्हीकडच्या आयांनी वाघाला जवळ केलं.

चीनमध्ये लहान मुलाला वाघाच्या तोंडाची टोपी घालतात, वाघाच्या तोंडाचे कापडी बूट घालतात. मोठे डोळे, मिश्या, कपाळावर तीन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक उभी. ते चिनी अक्षर 'राजा' असं वाचलं जातं. वाघाच्या कपाळावरचे पट्टे त्या अक्षरासारखे दिसतात, म्हणून तो प्राण्यांचा राजा. त्याचं तोंड घातलेल्या मुलाकडे रोगराई आणि भुतंखेतं फिरकत नाहीत, असा समज. गुटगुटीत, धीट पोराला 'हू थोउ हू नाव', म्हणजे वाघाच्या डोक्याचा, म्हणतात आणि त्या बोलण्यात सगळी माया असते.

आपल्याकडे तान्ह्याच्या गळ्यात सोन्याचांदीत मढवलेलं वाघनख बांधायची चाल होती. दृष्ट लागू नये, बाळ भिऊ नये. विदर्भात मोहरमला नवसाचे वाघ निघत. पोर जगलं तर त्याला सवारीपुढं वाघ करीन, असा नवस बोलायचा. मग अंगावर पिवळा रंग, काळे पट्टे, मागं शेपूट, आणि ढोल-ताशावर नाच. नवस बोलणाऱ्यांत हिंदू घरंही असत. पैनगंगा ओलांडून तेलंगणात गेलं की हेच सोंग 'पुली वेषम्' या नावानं भेटतं.

लेकराचं भय वाघाच्या अंगावर टाकून मोकळं व्हायचं, ही युक्ती हजारो कोसांवरच्या दोन माणसांना वेगवेगळी सुचली.

०

यातला एक फरक विसरण्यासारखा नाही. कापडाची टोपी शिवायला वाघ मारावा लागत नाही. वाघनखाला मारावा लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघाचा कोणताही अवयव बाळगणं, विकणं गुन्हा ठरवलं, आणि ते योग्यच झालं. चीननंही १९९३ साली वाघाच्या हाडांचा व्यापार बंद केला. तोवर ती हाडं औषधात उघड वापरली जात होती. बळ मिळो ही इच्छा शब्दांत राहिली तर वाघ वाचतो. ती हाडात, नखात, कातड्यात शोधायला लागलं की जंगलात फासे लागतात.

०

वाघाच्या नावानं दिलेला एक मोठा आशीर्वाद मराठीत आहेच. तो या जिल्ह्यातल्या वस्त्यावस्त्यांत भिंतींवर लिहिलेला आहे, चौदा एप्रिलला फलकांवर असतो : शिक्षण हे वाघिणीचं दूध आहे. जो ते पिईल तो गप्प बसणार नाही, असा त्याचा पुढचा अर्थ. इंग्रजी भाषेला वाघिणीचं दूध म्हणण्याची चाल एकोणिसाव्या शतकातल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांपर्यंत मागं नेली जाते. पण बाबासाहेबांच्या नावानं लोकांनी तो शब्द उचलला आणि त्याचं वजनच बदललं. काही थोड्यांच्या अभिमानाचं वचन सगळ्यांच्या हक्काचं झालं.

चिनी शुभेच्छा म्हणते, तुला वाघाचं बळ मिळो. हे वचन म्हणतं, ते बळ कुठं मिळतं ते ठाऊक आहे, जा आणि घे. शुभेच्छेत पत्ता दिलेला आहे. मला हा आशीर्वाद अधिक भरीव वाटतो.

०

चीनमध्ये वाघाच्या वर्षी मुलगी जन्मली की जुन्या वळणाच्या घरात काळजी सुरू होते. ती नवऱ्याला जुमानणार नाही, तिचं लग्न जमणार नाही. भांडखोर बाईला 'मू लाव हू', म्हणजे वाघीण, म्हणून हिणवतात.

आपल्या पंचांगातही वाघ आहे. गुणमेलनात चित्रा आणि विशाखा या नक्षत्रांची योनी व्याघ्र. उत्तरा फाल्गुनी आणि उत्तरा भाद्रपदा यांची गाय. वाघ आणि गाय यांचं वैर, म्हणून तिथं गुण मिळत नाहीत आणि एखादं जुळत आलेलं स्थळ मोडतं. मराठी बोलण्यात मात्र 'वाघीण' ही शिवी नाही, शाबासकी आहे. कर्जाखाली नवरा गेल्यावर वावर सांभाळून लेकरं शिकवणारी बाई दिसली की माणसं म्हणतात, वाघीण आहे. या जिल्ह्यात हे म्हणण्याची वेळ फार वेळा आली आहे. कौतुक तिच्या वाट्याला आलं. ओझं मात्र कुणी वाटून घेतलं नाही.

०

'ई शान पू रोंग अर हू' : एका डोंगरावर दोन वाघ मावत नाहीत. आपण तेच एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असं म्हणतो. राजकारणात, ऑफिसात, भाऊबंदकीत ही म्हण वापरली जाते. पण चिनी म्हण शब्दशः खरी आहे, आणि तिचा दाखला टिपेश्वरला मिळाला.

पांढरकवडा आणि घाटंजी तालुक्यांत पसरलेलं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८.६३ चौरस किलोमीटरचं. आत टिपाई देवीचं ठाणं आहे, तिच्यावरून नाव. रान लहान, पण सांबर, चितळ, रोही भरपूर; त्यामुळे वाघिणी तिथं चांगल्या विसावल्या. नर बछडा मोठा झाला की त्याला बापाच्या हद्दीत जागा उरत नाही. तो निघतो.

असाच एक निघाला. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली होती. त्या पावसाळ्याच्या तोंडावर तो टिपेश्वरहून बाहेर पडला. विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाच्या सीमेवरचे जिल्हे फिरत डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरनं नोंदवलेली त्याची एकूण भटकंती ३,००० किलोमीटरहून अधिक भरली. भारतात एका वाघाची इतकी लांब नोंद तोवर झाली नव्हती. लोकांनी त्याला 'वॉकर' म्हटलं. तो दिवसा ओढ्याकाठच्या झुडपांत, उभ्या पिकात पडून राही आणि रात्री चाले. वावरं, रस्ते, गावं ओलांडली. त्या वाटेवर एकाही माणसाचा जीव गेला नाही.

ज्ञानगंगेत त्याला पोटापुरती शिकार मिळाली, जोडीदार मिळाली नाही.

०

'फांग हू क्वेई शान', म्हणजे वाघाला पुन्हा डोंगरात सोडणं. चिनीत याचा अर्थ घोडचूक : हाती आलेला शत्रू सोडून दिला, आता तो उलटणार. आजच्या वनाधिकाऱ्याचं अर्धं काम मात्र तेच आहे. पकडलेला, जखमी झालेला, अनाथ वाघ परत रानात सोडायचा आणि तो उलटू नये अशी व्यवस्था करायची. दोन हजार वर्षांत माणसाची बाजू एवढी बळकट झाली की जुनी चूक आता कर्तव्य झाली आहे.

०

टी-१ या वाघिणीबद्दल लिहिल्याशिवाय यवतमाळात वाघावर लिहिणं खोटं ठरेल.

२०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा आणि राळेगाव भागात वाघाच्या हल्ल्यात माणसं मेली. तेरा मृत्यूंशी या वाघिणीचं नाव जोडलं गेलं. गुराखी होते, वावरात काम करणारे होते. ही टिपेश्वरच्या आतली गोष्ट नव्हे. बोराटी, सराटी, लोणी ही गावं झुडपी जंगल, ओढे आणि कापसाची वावरं यांच्या गुंत्यात वसलेली. कुठं रान संपतं आणि कुठं धुरा सुरू होतो, हे तिथं जनावरालाही कळत नाही आणि माणसालाही. दिवाळीच्या सुमाराला पऱ्हाटी उंच झालेली असते. वेचणीला वाकलेलं माणूस चार पायांच्या जनावरासारखं दिसतं.

तिला मारायचं की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या शिवारात ती गोळीनं मेली. मागं दोन बछडे राहिले. त्यातली मादी डिसेंबरात पकडून पेंचला नेली. गावांत फटाके वाजले. मोठ्या शहरांत तिला 'अवनी' म्हणत निषेधाचे मोर्चे निघाले.

त्या दोन्हींपैकी एकालाही मी खोटं म्हणणार नाही. दोन वर्षं अंधार पडायच्या आत दार लावून बसलेल्या माणसानं फटाका वाजवला तर त्याला क्रूर म्हणता येत नाही. आणि दोन पिल्लांची आई मेल्यावर रडणाऱ्याला भाबडं म्हणता येत नाही. मला बोचतं ते वेगळंच. शहरातल्या माणसाला तेरा जणांपैकी एकाचंही नाव ठाऊक नव्हतं, आणि गावातल्या माणसाला त्या वाघिणीसाठी कुणी सुरक्षित रान राखून ठेवलं नव्हतं.

०

'लीजी' या प्राचीन चिनी ग्रंथातली एक गोष्ट. कोंग फूत्स, म्हणजे आपण ज्याला कन्फ्यूशियस म्हणतो तो, ताई पर्वताच्या बाजूनं जात होता. एक बाई थडग्यापाशी बसून आक्रोश करत होती. त्यानं शिष्याला विचारायला पाठवलं. ती म्हणाली, माझ्या सासऱ्याला इथं वाघानं मारलं, मग नवऱ्याला मारलं, आता मुलाला. मग ही जागा सोडून का जात नाहीस? ती म्हणाली, इथं जुलमी राज्यकारभार नाही. गुरू शिष्यांना म्हणाला, ध्यानात ठेवा, जुलमी कारभार वाघापेक्षा भयंकर असतो.

चिनीत त्याचीही म्हण झाली : 'ख चंग मंग यू हू'.

यवतमाळचा माणूस ही गोष्ट एकदा वाचून पुढं जाऊ शकत नाही. तेरा मृत्यूंचा तोच काळ. २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी तर गेली पंचवीस-तीस वर्षं या जिल्ह्याचं नाव देशभर नेलं आहे. वाघाच्या मृत्यूवर आणि वाघामुळे झालेल्या मृत्यूवर बोलायला कॅमेरे आले. बाकीचे मृत्यू आकडेवारीत जमा झाले.

आणि दोन्ही एकमेकांपासून सुटे नाहीत. माणूस रात्री जागलीला का जातो? रोही आणि रानडुक्कर एका रात्रीत पीक लोळवतात म्हणून. ओलिताला रात्री का जातो? कृषिपंपाला वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळते म्हणून. उन्हाळ्यात बाई पहाटे मोहफुलं वेचायला रानात का वाकते? तेवढीच नगद कमाई असते म्हणून. वाघाची गाठ पडते ती यातल्याच एखाद्या वाटेवर.

०

मेळघाटापासून झाडीपट्टीपर्यंत गोंड, कोरकू, कोलाम यांच्यात वाघाला देव मानतात. शेंदूर लावलेला दगड, कधी लाकडावर कोरलेला वाघ. कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, या जिल्ह्यात रानाच्या कडेकडेनं आहेत. पश्चिमेकडं वारली, कोकणा, महादेव कोळी यांच्यात आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस असते. बाकी महाराष्ट्र त्याच दिवशी वसुबारसेला गाय-वासरू पुजतो. गुराखी पोरं वाघोबाच्या ठाण्यावर जमतात, त्यांच्यातलंच एक वाघ होतं, बाकीचे त्याला पिटाळतात, मग खीर-भात.

ज्याला पुजायचं त्यालाच त्या दिवशी पळवून लावायचं. गुरं सांभाळ, असं त्याला सांगायचं आणि तू तुझ्या हद्दीत राहा, हेही सांगायचं. मला ही सगळ्यांत प्रौढ शुभेच्छा वाटते. तिच्यात वाघाचं बळ स्वतःसाठी मागितलेलं नाही, शेजार मागितला आहे.

०

शुभेच्छा जिवंत आणि वाघ गेलेला, असं होऊ शकतं. चीनमध्ये झालं.

दक्षिण चीनच्या डोंगरांत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ४,००० वाघ होते असा अंदाज सांगितला जातो. पुढं त्यांना शेतीचे शत्रू ठरवून मोहीम निघाली, मारणाऱ्याला बक्षीस मिळू लागलं, रान तोडलं गेलं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकारीवर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. आज तो वाघ फक्त पिंजऱ्यांत उरला आहे. ईशान्येला रशियाच्या सीमेवर सायबेरियन वाघांसाठी २०२१ साली १४,००० चौरस किलोमीटरांहून मोठं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, तिथं वाघ पुन्हा वाढत आहेत. ती चांगली बातमी. पण दक्षिणेतल्या ज्या खेड्यांत आजही बाळाला वाघाची टोपी घालतात, तिथल्या डोंगरात त्या टोपीचा धनी नाही.

०

'कागदी वाघ' हा शब्द मराठी अग्रलेखांत सर्रास येतो. तोही चिनी. १९४६ साली माओनं अमेरिकी पत्रकार अ‍ॅना लुईस स्ट्राँग हिच्याशी बोलताना तो वापरला आणि तो जगभर पसरला. त्याच्याच राजवटीत दक्षिण चीनचा खरा वाघ संपत गेला आणि कागदी तेवढा उरला.

०

२०१० हे वाघाचं वर्ष. त्या नोव्हेंबरात सेंट पीटर्सबर्गला वाघ असलेले तेरा देश जमले आणि त्यांनी ठरवलं : पुढच्या वाघाच्या वर्षापर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत, जगातले रानवाघ दुप्पट करायचे. चिनी पंचांगातली शुभेच्छा पहिल्यांदा सरकारी करारात उतरली, तीही तारखेसकट.

भारतानं आपला वाटा उचलला. २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघांचा अंदाज होता. २०२२ च्या गणनेत ३,६८२. महाराष्ट्र १०३ वरून ४४४ वर गेला. या आकड्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण नाही. पण यातले कितीतरी वाघ अभयारण्याच्या रेषेबाहेर, आमच्या वावरांत राहतात. देशाच्या आकड्याचं मोल बोराटीच्या गुराख्यानं, सराटीच्या शेतकऱ्यानं चुकवलं आहे.

०

'रू हू थियन यी', वाघाला पंख फुटोत. वॉकरला खरोखर पंखच लागले असते. ते नसतात, म्हणून त्याला वाट लागते : एका रानातून दुसऱ्या रानात जाणारी, मध्ये न तुटणारी.

अशी वाट करता येते. राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो तिथं वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून मार्ग बांधले आहेत आणि वाघ ते वापरतात, याची छायाचित्रं आहेत. हाच रस्ता पुढं वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करत तेलंगणात उतरतो. टिपेश्वरहून तिथल्या कवाल व्याघ्र प्रकल्पाकडं जाणाऱ्या वाघाला आणि यवतमाळच्या शेतकऱ्याला तेवढीच काळजी मिळायला हवी.

०

पुढचं वाघाचं वर्ष २०३४. त्या वर्षी आमच्या जिल्ह्याला कुणी वाघाच्या नावानं शुभेच्छा देणार असेल, तर ती कशी असावी?

कृषिपंपाला दिवसा वीज मिळो. धुऱ्यावर सौर झटका मशीन असो, थेट विजेची तार नको. त्या तारेनं डुकरासाठी लावलेल्या सापळ्यात वाघही मरतो आणि माणूसही. सरपणासाठी रानात जावं लागू नये एवढा गॅस परवडो. गाय मेली तर भरपाई पुढच्या पेरणीआधी हाती पडो. गुराख्याच्या पोराला वाघिणीचं दूध मिळो, म्हणजे त्याला गुरांमागं जाण्यावाचून गत्यंतर नाही अशी वेळ न येवो. आणि टिपेश्वरच्या नर बछड्याला घर सोडावं लागेल तेव्हा, एखादं रान त्याच्यासाठी शिल्लक असो.

चार अक्षरांत हे बसत नाही. दाराला चिकटवायला कागद मोठा लागेल. पण ज्या जिल्ह्यात वाघ खरा आहे तिथं शुभेच्छा एवढी तपशीलवारच असली पाहिजे. आणि ती देणाऱ्यानं, मग तो मुंबईचा असो की मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातला, तिच्यातली निदान एक ओळ स्वतःच्या नावावर मांडून घेतली पाहिजे.